हट्टी आकड्यांचा हिवाळा

जवसाला निळी फुलं आली की, आमचं गाव रानात राहायला गेलं होतं तो हिवाळा मला आठवतो. आता जवस फारसं कुणी पेरत नाही. परवा मुलाबरोबर पाथरीहून परभणीला येताना रस्त्याकडेच्या एका तुकड्यात तो दिसला. मी गाडी थांबवायला सांगितली. मुलाला वाटलं, आईला पाणी हवंय. मी काच खाली केली आणि नुसती बसून राहिले. वारा थंड होता. तुरीच्या वाळल्या शेंगा खुळखुळत होत्या. लांब कुठंतरी कापसाच्या पऱ्हाट्या जळत होत्या, त्या धुराचा कडवट वास आत आला, आणि मला एकदम कडब्याच्या खोपीत, चुलीपुढं, डोक्यावरचा पदर सावरत बसलेली मी दिसले. सोळा वर्षांची असेन.

ते निजामाचे दिवस. लग्न होऊन मी मानवतला आले होते. सासऱ्यांची मोंढ्यात कापसाची आडत. सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती, मग दिवसभर गाड्या, वजनकाटा, रुईच्या गाठी. आमचे हे हैदराबादला मोठ्या विद्यापीठात एम.ए.ला होते, गणित घेऊन. सुट्टीला यायचे आणि जायचे. घरात वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठच जास्त ओळखीची होती. माडीवर भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि हवेत बोटानं काहीतरी लिहायचे. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला भीतीच वाटली होती. माहेरी सांगायचं धाडस झालं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हे घरी आले आणि गल्लीत उंदीर मरून पडायला लागले. कोठीत पडले, न्हाणीत पडले, मारुतीच्या पायरीवर पडले. गाठीची साथ, प्लेग, आली होती. तहसीलची दवंडी फिरली, गाव खाली करा. दोन-चार दिवसांत मानवतची घरं कुलपात गेली आणि गावाबाहेरच्या रानांत, ज्याच्या त्याच्या शेतात, खोपी उभ्या राहिल्या. ज्वारीचा कडबा, बांबूच्या तट्ट्या, वरून गोणपाट. ज्यांना शेत नव्हतं ते दुसऱ्याच्या बांधावर राहिले. आमच्या रानात आमची खोप, बाजूला चुलत्यांची, आणि बांधाला लागून गणपत शिंप्याची. गणपत यांचा लहानपणचा दोस्त. दोघं एकाच मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिकलेले. पुढं एकजण हैदराबादला गेला, दुसरा मशीनवर बसला, पण त्यांच्या बोलण्यात त्यानं कधी फरक पडला नाही.

साथीचे दिवस होते, भीती होतीच. सकाळी उठलं की बायका आधी लेकरांच्या काखा चाचपून बघायच्या. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या आत मला एक मोकळेपणा मिळाला होता, जो त्या घरात पुढं कित्येक वर्षं मिळाला नाही. खोपीला दार नव्हतं. माजघर नव्हतं, ओसरी नव्हती. पुरुष कुठं बसायचे आणि बायका कुठं, याच्या सगळ्या खुणा गावात कुलपात राहिल्या होत्या. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मधोमध एक जुनं लुगडं बांधून आडोसा केला. वाऱ्यानं तो आडोसा दिवसभर उडायचा आणि त्या दिवसभर तो बांधायच्या. सकाळी धुक्यातून बैलांच्या घंटा यायच्या आणि बैल दिसायचे नाहीत. दुपारी हरभऱ्याच्या आंबेनं, पानांवरच्या आंबट ओलीनं, पायाला चरचरायचं. संध्याकाळी सगळ्या रानभर चुली पेटायच्या आणि मानवत नावाचं गाव आडवं पसरून धुरात बसलेलं दिसायचं.

मदरसा बंद. लेकरं रानभर उधळलेली. यांनाही परत जाता येईना, कारण साथीच्या गावच्या माणसाला टोचून घेतल्याशिवाय गाडीत बसू देत नव्हते, आणि टोचणारा डॉक्टर कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. पुस्तकं गावात राहिली होती. तीन-चार दिवस हे नुसते बांधावर येरझाऱ्या घालत होते. मग एका संध्याकाळी चिंचेखाली बसले, चिंचोक्यांचा एक ढीग पुढं ओढला आणि गणपतला म्हणाले, "बारा मोज, अन् सारख्या ओळीत लाव."

गणपतनं तीन-तीनच्या चार ओळी लावल्या.

"आता सात लाव."

गणपतनं दोन-दोनच्या लावल्या, एक उरला. तीन-तीनच्या लावल्या, एक उरला. शेवटी कंटाळून सगळे एका लांब ओळीत ठेवले. "ह्यो सात लय हट्टी हाय रं," तो म्हणाला. "कुणासंगं बसंनाच."

हे इतक्या मोठ्यानं हसले की आत्याबाईंनी लुगड्याआडून डोकावून पाहिलं. यांना सातासारख्या या मूळ संख्यांचं उर्दू नाव येत होतं, अदद-ए-मुफरद, कारण सगळं शिक्षणच उर्दूत झालेलं. त्या दिवसापासून आमच्या रानात त्यांचं नाव हट्टी आकडे पडलं.

हळूहळू तिथं लेकरं जमायला लागली, मग मोठी माणसंही. ज्वारीच्या खळ्याचं काम उरकलं की गडी येऊन टेकायचे. गणपत रोजचा. कापडावर गोल कापायचा त्याचा धंदा, त्यामुळं वर्तुळाचं काही निघालं की तो पुढं सरकायचा. एकदा हे त्रिकोणाबद्दल बोलत होते आणि तोंडातून सारखं मुसल्लस, मुसल्लस येत होतं. गणपत म्हणाला, "मन्मथ, आमाला कळायला पायजे आसल तर तिकोन म्हण की. मुसल्लस म्हनलं की मला वाटतं कचेरीत पेशकारासमोर उभा हाय."

त्या दिवशी हे हसले नाहीत. विचारात पडले. पुढं कैक वर्षांनी, परभणीच्या शाळेत हे शिकवत होते तेव्हा, निजामाचं राज्य गेलं आणि वर्गात उर्दूच्या जागी मराठी आली. मोठमोठे मास्तर परेशान झाले. यांना तेवढं जड गेलं नाही. "माझा हा इम्तिहान गणपतनं आधीच घेतला होता," म्हणायचे.

मी चुलीपुढं, त्यांच्याकडं पाठ करून बसलेली असायची. भाकरी थापता थापता सगळं ऐकायची. मराठी चौथीपर्यंत शिकले होते मी, पाढे तोंडपाठ होते. पण पाढे म्हणजे बाजाराचे, असंच मला वाटायचं. आकड्यांना स्वभाव असतो, एखादा हट्टी, एखादा सगळ्यांत मिसळणारा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणाऱ्याचा आवाज! घरात दबक्या आवाजात बोलणारा माणूस तिथं हात उडवून बोलायचा, मधेच उठायचा, एखाद्या पोरानं बरोबर उत्तर दिलं की त्याला उचलून घ्यायचा. मला तेव्हा कळलं की माडीवर भिंतीकडं तोंड करून हा माणूस एकटा पडलेला असायचा. त्याच्याजवळ इतकं काही होतं आणि ते घ्यायला कुणी नव्हतं.

मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, हे पसंत नव्हतं. ते खाटेवर बसून, गावातून आलेल्या माणसाकडून मोंढ्याची खबर घेत असायचे आणि कान इकडं असायचा. एकदा म्हणाले, "हिसाब म्हणशील तर मी बी करतो. तोंडी करतो."

"ह्यो हिसाब न्हाई, अप्पा."

"मंग काय हाय?"

यांनी हात अर्धवट वर उचलला आणि खाली ठेवला.

"मला कळतंय तेवढं सांगतो," मामंजी म्हणाले. "औंदाचा इम्तिहान दे. सुरू केलंय तर पुरं कर. मग आडतीच्या गादीवर बस. चिंचोके मांडून घर चालत न्हाई."

मामंजी रागानं बोलले नव्हते, म्हणूनच जास्त लागलं. गावात ज्याला त्याला त्यांचा आधार होता, आणि एकुलत्या एका मुलानं आपल्या जागी बसावं यात वावगं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात गणपत गेला. लगीनसराईचे कपडे त्याच्याकडं अडकले होते. कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाच्या चोळ्या बेतून ठेवलेल्या, त्या आणायला सगळ्यांची नजर चुकवून तो गावात गेला आणि कुलूप उघडून घरात शिरला. चोळ्या घेऊन आला, हसत आला. दोन दिवसांनी ताप भरला. जांघेत गाठ आली. त्याची खोप आमच्यापासून लांब, ओढ्यापलीकडं हलवली. हे जायला निघाले तर मामंजी वाटेत उभे राहिले. "माझा येकुलता येक हायस," एवढंच म्हणाले. पण हे गेले. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बसून राहिले आणि पलीकडच्या गणपतशी मोठ्यानं बोलत राहिले. काय बोलत होते ते मला माहीत नाही. त्याची बायको पुढं मला म्हणाली, "तुमच्या मालकानं त्याला शेवटपतुर कायबाय गोलाचं सांगितलं. त्याला काय कळत हुतं का न्हाई, पर तो हूं हूं करत हुता."

गणपत गेल्यावर चिंचेखालची बैठक मोडली. लेकरं येऊन उभी राहायची आणि हे मान वर करायचे नाहीत. दिवसच्या दिवस बोलले नाहीत. ताट नेऊन ठेवलं की तसंच परत यायचं. आत्याबाईंनी अंगारा लावला. मामंजींनी हाका मारल्या. तेव्हा रानातली थंडी फार वाढली होती. जवस फुलला होता आणि त्या निळ्या फुलांकडं बघवत नव्हतं.

एका दुपारी बायका कापूस वेचायला गेल्या होत्या. मी ताट घेऊन गेले. आडोसा उडत होता, आसपास कुणी नव्हतं. मला सांत्वन करता येत नव्हतं. काय बोलायचं असतं तेही माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती, तीच तोंडातून निघाली.

"ते हट्टी आकडे," मी म्हणाले, "पुढं पुढं विरळ होत जातात. मी मोजत बसते भाकरी करताना. कुठंतरी संपत असतील ना?"

त्यांनी मान वर केली. किती दिवसांनी मी ते डोळे बघत होते.

"तुला असं का वाटलं?"

"लांब लांब जायलेत म्हणून."

ते उठून बसले. ताटातली भाकरी मोडली आणि खायला लागले. खाता खाता म्हणाले, "मी जवाब सांगणार न्हाई. तुझा तू काढ. एवढंच करून बघ. असा आकडा हुडक की दोन-दोनच्या ओळीत लावला की एक उरला पायजे, तीन-तीनच्या लावला की एक उरला पायजे, पाच-पाचच्या लावला तरी एकच."

नवऱ्यानं बायकोला दिलेली ती पहिली वस्तू. लग्नातले दागिने सासूसासऱ्यांनी घातले होते, ते वेगळे.

मी तो सवाल घेऊन फिरत होते. पाणी शेंदताना, लोटताना, लिंगपूजेची भांडी घासताना. एकतीस सापडला. आता सातही धरायचा झाला तर? त्यात बरेच दिवस गेले. कापूस वेचता वेचता बोंडं ओटीत टाकत होते आणि एकदम दिसलं. तीसमध्ये दोन, तीन, पाच सगळे बसलेत, आणि एकतीस म्हणजे त्याच्यावर एक. म्हणून एक उरतो. मग सात घ्यायचा तर तीस गुणिले सात. त्याच्यावर एक. अकरा घ्यायचा तर पुन्हा तसंच. कितीही घ्या! जगातले सगळे हट्टी आकडे घेतले, गुणले, एक मिळवला, तर त्यातला कुणीच त्याला पुरा भागणार नाही. मग जो पुरा भागेल तो नवाच असला पाहिजे.

ओटीतला कापूस तिथंच सांडला. मी सऱ्यांमधून पळत सुटले. डोक्यावरचा पदर गेला. आणि सगळ्या रानासमोर, सासूसासऱ्यांसमोर, चुलत सासवांसमोर मी ओरडले, "अहो! संपत न्हाईत! ते संपतच न्हाईत!"

सगळं रान थांबलं. आत्याबाईंचा हात तोंडावर गेला. "पोरीला वारं लागलं का काय!"

मला भान आलं. पदर हनुवटीपर्यंत ओढून मी जागीच बसले. आता माहेरी धाडतील असं वाटलं. मामंजी खाटेवरून उठून आले.

"काय संपत न्हाई?"

हे लांबून पळत येत होते. मी काय करणार? खाली मान घालून चिंचोके मांडले. पदराआडून, अडखळत, सगळं सांगितलं. सासऱ्यांशी मी त्याआधी एक अख्खं वाक्य बोलले नव्हते.

मामंजी उकिडवे बसून बघत होते. बोट फिरवत पुटपुटले, "तीस दोनानं जातं. तिनानं जातं. पाचानं जातं. एकतीस कशानंच जात न्हाई... हां. म्हंजे कितीबी धरले तर पुढं एक निघणारच."

"दर बारीला येणारा आकडा सोता हट्टी असलच असं न्हाई," हे धापा टाकत म्हणाले. "पर त्याला तोडणारा जो आसल, तो आपल्या धरलेल्यातला नसणार."

मामंजींनी दोघांकडं बघितलं. मग म्हणाले, "ह्याचं करायचं काय पर?"

"काय बी करायचं न्हाई, अप्पा. ते तसं हाय, एवढंच."

मामंजी उठले आणि बैलांकडं गेले. आत्याबाई त्यानंतर पुष्कळ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून चिंचेखाली पुन्हा लेकरं बसली, आणि त्यांच्यात गणपतची बायको आपल्या मुलीला घेऊन बसली. ती मुलगी पुढं परभणीला माझ्याजवळ राहून शिकली. माझ्या पडवीत मुलींची गणिताची शिकवणी सुरू झाली ती तिच्यापासून, आणि डोळे साथ देत होते तोवर मी ती चालवली.

माघात गाव पुन्हा गावात गेलं. घरांची कुलपं उघडली तेव्हा आत उजेड होता, कारण साथ मरावी म्हणून तहसीलच्या माणसांनी माळवदाच्या छपरांना भोकं पाडून ऊन आत घेतलं होतं. चुन्याचा वास सगळीकडं. दारं आली, ओसरी आली, माजघर आलं, आणि मी पुन्हा आत गेले. टोचून घेऊन हे हैदराबादला गेले. निघताना मामंजींनी एवढंच म्हटलं, "पाडव्याला ये. गादीची पूजा हाय." त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता.

ते गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. अशाच एका दुपारी मी धान्य निवडायला बसले होते. मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबले. ते कधी तिथं येत नसत. मी उठून उभी राहिले.

"सूनबाई," ते भिंतीकडं बघत म्हणाले, "गादीवर बसल्या बसल्या बघायलो मी. अकरा अन् तेरा. सतरा अन् एकोणीस. एकोणतीस अन् एकतीस. हे हट्टी जोडीनं येतात. मधी येकच आकडा. ह्या जोड्या बी संपत न्हाईत का?"

मी म्हणाले, बघते. पुष्कळ दिवस बघितलं. एक मिळवायची ती युक्ती इथं चालेना. मामंजी रोज दुकानातून आले की पायरीवर खाकरायचे आणि मी आतून म्हणायची, "अजून न्हाई, मामंजी."

पाडव्याला हे आले. इम्तिहान आटोपला होता. गुढी उभारली, पानं वाढली. मामंजींनी पहिला घास घेण्याआधीच सवाल टाकला. यांचा हात ताटातच राहिला.

"अप्पा, ह्ये कुणालाच ठाऊक न्हाई."

"तुज्या प्रोफेसराला?"

"न्हाई."

"हैदराबादेत कुणाला तरी आसल."

"न्हाई."

"मंग इंग्रजाला."

"त्याला बी न्हाई. जगातले मोठमोठे हुडकायलेत. अजून कुणाला घावलं न्हाई."

आत्याबाई वाढता वाढता थांबल्या. मामंजींनी विचारलं,

"म्हंजे मी सवाल केला, अन् दुनियेत कुणाला जवाब येईना?"

"न्हाई येत."

त्या दिवशी मामंजी पोटभर जेवले. जेवून लगेच मोंढ्यात गेले. सणाची सुट्टी होती, तरी चार आडते ओट्यावर बसलेले असायचेच. तिथं जाऊन त्यांनी सगळ्यांना तो सवाल घातला म्हणे, आणि कुणाला काही कळलं नाही, तरी ते ज्याला त्याला सांगत होते की याचा जवाब साहेबाला सुद्धा येत नाही.

दिवेलागणीला परत आले. गादीवर नवा पांढरा अभ्रा घातलेला होता, हळदीकुंकू तयार होतं. हे येऊन बाजूला उभे राहिले. मी दाराआड होते.

मामंजींनी पूजा केली, विभूती लावली आणि स्वतःच गादीवर बसले.

"हितं चुलत्याच्या पोराला बसवतो," ते म्हणाले. "तुला दलाली जमायची न्हाई. तू शिक, पोरं शिकीव. पर तो जोडीचा सवाल सोडू नको."

मग दाराकडं न बघता, जरा आवाज चढवून म्हणाले,

"अन् सूनबाई, तू बी."